जसे आहे, जेथे आहे

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या बाजूला आमचं वर्कशॉप आहे. कामं सगळी इथलीच. जेसीबी-पोकलेनच्या पिना आणि बुश, महाड एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांचे ॲजिटेटरचे शाफ्ट आणि पंपाचे स्लीव्ह, भातगिरणीचे शाफ्ट, पॉवर टिलरचं काहीबाही. ही कामं ज्या यंत्रांवर होतात त्यातलं एकही नवं घेतलेलं नाही. लेथ, शेपर, रेडियल ड्रिल, सगळं लिलावातून आणलेलं. आयटीआय करून बाहेर पडलेली पोरं हल्ली विचारायला येतात, ‘दादा, जुनी मशीन घेऊ का?’ त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो. मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो: जुन्या यंत्रात आपण पैसे मोजतो ते बिडाच्या अंगाचे. गिअर कापून मिळतो, बेअरिंग दुकानात मिळतं, मोटर रिवाइंड होते. बेड खपाटीला गेलेला असेल किंवा ओतकाम तडकलेलं असेल, तर ते यंत्र फुकट मिळालं तरी महाग.

१. आधी कामं बघा, मग यंत्र

लिलावाची यादी हातात आली की माणूस नावांना भुलतो. एचएमटीचं नाव दिसलं की डोळे चमकतात, आणि ते साहजिक आहे. १९५३ साली बंगळूरच्या जलाहळ्ळीत स्विस ओरलिकॉनच्या सहकार्यानं सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याचे लेथ आजही देशभर चालतात. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे एंटरप्राइज आणि टर्नमास्टर तसेच. पण तुमच्याकडं येणारी पिन ७० मिलिमीटरची असेल आणि स्पिंडलचं भोक ५२चं, तर नाव एचएमटी असून काय उपयोग? लांब बार हेडस्टॉकमधून आरपार जायला हवा, नाहीतर दर वेळी स्टेडी लावून बसा. आमच्या भागात गॅप बेडचा लेथ घ्यावा. केमिकल कंपनीचा एखादा मोठा फ्लँज अधूनमधून येतोच आणि तो गॅप काढल्याशिवाय फिरत नाही.

शेपरबद्दल जाता जाता. आजकाल त्याला कोणी विचारत नाही, लिलावात तो भंगाराच्याच भावानं जातो. की-वे पाडायला आणि जाड पट्ट्या सपाट करायला आमच्यासारख्या ठिकाणी त्याच्याइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही. मिळाला तर सोडू नका.

२. विकणारा कोण आहे, ते पाहा

सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांचा माल बहुतेक एमएसटीसीच्या ई-लिलावातून जातो. ही कंपनीही सरकारीच, १९६४ सालची. बँकेनं सरफेसी कायद्याखाली जप्त केलेल्या कारखान्यांचे लिलाव वेगळे, दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचा लिक्विडेटर काढतो ते वेगळे, विमा कंपनीनं दावा चुकता करून विकायला काढलेला माल आणखी वेगळा. नोटिशीत मात्र सगळीकडं एकच ओळ: ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर. म्हणजे उद्या हेडस्टॉकमध्ये गिअरच निघाला नाही तरी तक्रारीला जागा नाही.

यंत्रानं आयुष्य कुठं काढलं यावर त्याची प्रकृती ठरते. आयटीआयमधला लेथ बघा: चकाला आणि कंपाउंडला पोरांनी ठोकलेल्या खुणा दिसतील, हँडलं वाकलेली असतील, पण बेड बहुधा चांगला, कारण वर्षाकाठी त्यावर खरं काम थोडंच झालेलं असतं. कापडगिरणीच्या मेंटेनन्स खात्यातला लेथ भरपूर चाललेला असतो, पण तेल वेळेवर पडलेलं असतं. तिथं ऑइलमन नावाचा माणूसच असायचा. जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शेडमधला लेथ मी शेवटी बघतो. तिथं एकाच मापाचा एकच तुकडा वर्षानुवर्षं निघालेला असतो आणि चकाजवळचा हातभर बेड त्यातच गेलेला असतो.

३. पाहणीच्या दिवशी हात काळे करा

पाहणीचा दिवस टाळून फोटोवर बोली लावणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पैसे त्याचे आहेत. पण ज्याला यंत्र चालवायचंय त्यानं जावं. वीज तोडलेली असते, त्यामुळं यंत्र चालवून बघता येत नाही. सोबत विजेरी, फडकं, थोडं रॉकेल, चुंबकी स्टँडसह डायल गेज, फिलर गेज आणि लहान हातोडी एवढं पुरतं.

पहिल्यांदा बेड. चकाजवळ आणि टेलस्टॉकच्या टोकाला, दोन्हीकडं फडक्यानं पुसून घ्या. कारखान्यात स्क्रेपरनं काढलेली जाळी टेलस्टॉककडं अजून दिसत असेल आणि चकाजवळ पार गुळगुळीत झाली असेल, तर झीज कुठं आहे ते कळलं. नखानं बघा, सॅडल जिथपर्यंत पोचत नाही तिथं पायरी लागते का. मग सॅडल चकाजवळ आणून गिब एवढे घट्ट करा की ते जेमतेम हलेल, आणि हळूहळू टेलस्टॉककडं न्या. बेड सारखा असेल तर ते शेवटपर्यंत त्याच जोरानं सरकतं. मध्येच आवळून उभं राहिलं, तर चकाजवळची झीज मोठी आहे. मग ग्राइंडिंगचा खर्च धरूनच बोली लावा. व्यापाऱ्याच्या शेडमध्ये मात्र जाळीवर विश्वास ठेवू नका. हँड ग्राइंडरनं झिजलेल्या बेडवर नवी जाळी उठवणारे कलाकार आहेत आणि हिरवा रंग तर डब्यानं मिळतो.

मग स्पिंडल. चकाखाली लाकडी दांडका घालून वर उचला आणि डायल बघा. दोन-तीन शतांशांच्या पलीकडं काटा गेला तर बेअरिंगकडं संशयानं बघायचं. बेअरिंग बदलता येतं, म्हणून एवढ्यावरून यंत्र सोडू नये. आमच्याबरोबर येणारे एक तात्या आहेत, मुंबईतल्या गिरणीत टर्नर म्हणून उभं आयुष्य गेलेले. ते डायलला हातही लावत नाहीत. एकदा मी डायल लावत असताना म्हणाले, ‘अरे बाळा, गिअर न्यूट्रलला टाक, डोळे मिट आणि चक हातानं फिरव.’ फिरवला. एका फेरीत एकाच जागी बारीकसा खडा लागल्यासारखं झालं. ‘लागलं? बेअरिंगच्या रेसला खड्डा आहे. मशीन बरेच दिवस न फिरता पडलेली आहे. बाकी ठीक आहे, घे.’ घेतला. बेअरिंग काढलं तेव्हा खड्डा अगदी तिथंच होता.

शेवटी हातोडी. बेडचे पाय, हेडस्टॉकची बैठक आणि जिथं जिथं रंगाचा थर संशय येईल इतका जाड आहे तिथं हलकेच ठोका. धडधाकट बीड खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. पाय तडकलेला चालतो, ब्रेझिंग करून घेता येतो. बेडला किंवा हेडस्टॉकच्या भिंतीला तडा असेल तर रॉकेलची बाटली बंद करा आणि घरी या.

जुन्या विलायती यंत्रांबद्दल एक गोष्ट. लीडस्क्रू इंची असेल तर मिलिमीटरच्या चुड्या पाडायला १२७ दातांचं चेंज व्हील लागतं, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ते चाक कपाटात आहे का, हे पाहणीच्याच दिवशी शोधा.

४. यादीत नाही ते तुमचं नाही

फोर-जॉ चक, फेसप्लेट, स्टेडी, चेंज व्हीलं, गॅपचा काढलेला तुकडा. लेथची निम्मी किंमत या सामानात असते आणि पाहणी आणि उचल यांच्यामध्ये नेमकं हेच पाय फुटल्यासारखं नाहीसं होतं. लॉटच्या वर्णनात नुसतं ‘लेथ मशीन, १ नग’ लिहिलेलं असेल तर गेटवरचा माणूस तुम्हाला फेसप्लेट नेऊ देणार नाही, आणि नियमानं त्याचंच बरोबर आहे. म्हणून पाहणीच्या वेळीच अधिकाऱ्याला नम्रपणे विचारा, ‘साहेब, हे सामान याच लॉटमध्ये आहे ना?’ हो म्हणाले तर ईमेल टाकून लेखी घ्या. तारखेसह फोटो काढा. गॅपचा तुकडा दुसऱ्या यंत्राचा बसत नाही, तेव्हा निदान तो तरी सुरक्षित ठेवायला सांगा.

५. भंगारवाल्याचा हिशेब शिका

लिलावात तुमच्यासमोर दुसरा लेथवाला क्वचितच असतो. असतो तो भंगारवाला. त्याचं गणित सरळ आहे: वजन गुणिले बिडाचा भाव, वजा तोडणी, वजा भाडं, वजा त्याचा नफा. तो त्या आकड्याच्या वर जाणार नाही. दोन टनांच्या लेथचा हा आकडा तुम्हाला आदल्या रात्री काढता आला पाहिजे. त्याच्यापेक्षा थोडं वर गेलात की यंत्र वाचतं. फार वर जायला लागलं तर समजा की समोर तुमच्यासारखाच कोणीतरी यंत्र चालवणारा बसलाय, आणि मग आपली शेवटची बोली कागदावर लिहिलेली असावी. शेवटच्या मिनिटांत बोली आली की बहुतेक ई-लिलावांची वेळ आपोआप पुढं सरकते. त्या सरकणाऱ्या घड्याळानं भल्याभल्यांची डोकी फिरवली आहेत.

बोलीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. अनामत आधी अडकते. राखीव किमतीच्या खाली राहिलात तर बोली ‘मंजुरीच्या अधीन’ राहते आणि मंजुरी येईपर्यंत पैसे अडकून पडतात. मंजुरीनंतर ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही तर जागाभाडं चालू.

पुष्कळदा लेथ एकटा नसतो, एका लॉटमध्ये लेथ, तीन-चार टन पत्रा, जुनी कपाटं आणि केबल असा भाजीपाला असतो. अशा वेळी भंगारवाल्याशी भांडू नका, त्याच्याबरोबर जा. बोली त्यानं लावायची, पत्रा-केबल त्याची, लेथ तुमचा, भाव बोलीच्या आधी ठरवून कागदावर. आमच्याकडची दोन चांगली यंत्रं अशीच आली आहेत. ज्या भंगारवाल्याशी संबंध जपले, तो पुढं फोन करतो: ‘शेठ, तुमच्या कामाची वस्तू आलीय, कटर लावायच्या आधी बघून जा.’ कुदळवाडीतले काही जण मला असे फोन करायचे. फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तिथली शेड पाडली, तेव्हापासून त्यातले किती कुठं पांगले याचा पत्ता लागत नाही.

६. घाटाचा खर्च बोलीत धरा

इथं देशावरच्या आणि आमच्या हिशेबात फरक पडतो. साताऱ्याला किंवा वाईला लेथ घेतला तर नकाशावर आंबेनळी जवळ दिसतो. महाबळेश्वर, वाडा कुंभरोशी, की उतरलोच पोलादपुरात. पण दोन टनांचं डोकं जड असलेलं यंत्र घेऊन त्या वळणांवरून उतरणं म्हणजे प्रत्येक वळणावर दोर तपासणं. पावसाळ्यात दरडींमुळं हा घाट अवजड वाहनांना बंद होतो, आणि २०२१च्या जुलैत तर रस्ताच जागोजागी खचला होता. वरंधाही पावसाळ्यात बहुधा बंद. म्हणून पुण्याकडचा माल आम्ही ताम्हिणीतून माणगावला उतरवतो. कोल्हापूरकडचा आला तर कुंभार्लीतून चिपळूण आणि कशेडीच्या बोगद्यातून वर. लांब पडतं, डिझेल जातं, पण झोप लागते. उचलीची मुदत जूनमध्ये पडत असेल तर मी बोलीच लावत नाही.

गाडीत चढवताना तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. पट्टा बेडखालून घ्यायचा, लीडस्क्रू आणि फीड रॉडवर त्याचा भार येता कामा नये. वजन हेडस्टॉककडं असतं, म्हणून सॅडल टेलस्टॉककडं सरकवून तोल साधायचा आणि मग सॅडल-टेलस्टॉक दोन्ही आवळायचे. आणि हायड्रावाल्याला घाई करू द्यायची नाही. त्याला तासाचे पैसे मिळतात, पण दुसरीकडं जायचं असतं. गाडीत लेथ नुसता उभा ठेवू नका, जाड लाकडी ठोकळ्यांवर बोल्ट करून घ्या. पाय अरुंद आणि डोकं वर, असं हे यंत्र वळणावर पालथं पडलं तर बेडचा एखादा भाग तरी तुटल्याशिवाय राहत नाही. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, ते गाडी निघायच्या आधी.

दारात आल्यावर वेगळी गंमत. आमच्या वाडीत हायड्रा वळत नाही. मग पाइपांचे रूळ, पहारी, चेन पुली आणि गावातली सहा-सात माणसं. मागचा पाइप काढून पुढं घालत लेथ अंगणातून आत जातो. यात एकच नियम: यंत्राच्या उताराच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

७. पुरातलं यंत्र

२३ जुलै २०२१च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथूनच निघते आणि पोलादपुरावरून महाडला जाते. महाडचे तळमजले बुडाले, दुकानं गेली, वर्कशॉप गेली. त्यानंतरचे कितीतरी महिने चिखलानं माखलेली यंत्रं विकायला येत होती, काही विम्याच्या लिलावात, काही नुसतीच रस्त्याकडेला.

सीएनसी यंत्र पाण्यात गेलं की ड्राइव्ह, सर्किट, एन्कोडर सगळं जातं, त्याला हात लावू नये. साधा लेथ ही दुसरी गोष्ट. बीड पाण्यानं मरत नाही. मारतो तो गाळ, आणि तोही पाणी ओसरल्यानंतर. म्हणून घाई करायची ती सुकवायची नव्हे, धुवायची. सुकलेला गाळ सॅडलखाली पॉलिश पेपरसारखा बेड खातो. पहिल्यांदा चांगल्या पाण्याच्या धारेनं सगळा गाळ बाहेर, सॅडल आणि क्रॉस-स्लाइड खोलून. मग हेडस्टॉक आणि फीड बॉक्सचे ड्रेन प्लग उघडायचे. आधी पाणी येतं, मग चहाच्या रंगाचं तेल. डिझेल ओतून हातानं चक फिरवायचा, परत काढायचं, स्वच्छ येईपर्यंत. मग पातळ तेल भरून थोडा वेळ चालवून तेही फेकायचं आणि शेवटी योग्य तेल. बेअरिंगमध्ये गाळ गेलेला असतोच. ती वाचवण्याचा नाद करू नका, नंबर बघून नवी आणा.

मोटर बाजूला काढून ठेवा. कोणी ‘दोन दिवस उन्हात ठेवली होती, चालते’ असं सांगून प्लग लावायला निघालं तर त्याला थांबवा. वाळवायची, मेगरनं इन्सुलेशन बघायचं, एक मेगओहमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवायची किंवा रिवाइंड करायची. रिवाइंडिंगचा खर्च बोलीत धरलेला असला की जिवाला घोर नाही.

८. गंज काढणं आणि परत येऊ न देणं

छोट्या भागांना धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि बॅटरी चार्जर. गंजका भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा पत्रा धन टोकाला. स्टेनलेसचा पत्रा कधीच लावू नका, त्यातला क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतो. हे काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. मोठ्या भागांना काकवीचं पाणी: एक भाग काकवी, नऊ भाग पाणी. आठवड्याभरात गंज सुटतो. वास भयानक येतो आणि घरचे बोलतात. बिडाचा भाग जास्त दिवस विसरलात तर त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो, म्हणून रोज बघा. पितळी नामपट्टीला मात्र आमची आई आमसूल चोळते, तांब्याच्या हंड्यासारखी चकाचक निघते.

देशावरून आलेल्या यंत्राला कोकणची हवा माहीत नसते. जूनमध्ये संध्याकाळी पुसून ठेवलेला बेड सकाळी तांबूस दिसतो. प्लॅस्टिकचा कागद घालू नका, खाली दव धरतं. तेलात भिजवलेली जुनी सुती चादर घाला आणि चिप ट्रेखाली एखादा साधा बल्ब रात्रभर जळता ठेवा. थोडीशी ऊबही पुरते.

९. वीज

वाडीवर थ्री-फेज नसेल तर आधी महावितरणकडं अर्ज, मग लिलाव. सिंगल-फेजवर चालणारा ड्राइव्ह लावायचा असेल तर मोटरची प्लेट बघा. दोन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी बहुधा स्टारमध्ये ४१५ व्होल्टच्या असतात, त्यांचं कनेक्शन डेल्टा करून काम भागतं. मोठ्या मोटरी मुळातच डेल्टात असतात, तिथं हा मार्ग बंद.

१०. बसवताना घाई नको

आमच्याकडं खाली जांभा. एका बाजूला कठीण, एका बाजूला मऊ. लेथखाली सळई घालून काँक्रीटचा ओटा घालायचा आणि तो नीट पिकू द्यायचा. मग पट्ट्या घालून दोन्ही टोकांना लेव्हल करायची. खात्री करायला चकात जाडसर बार धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन कॉलर वीतभर अंतरावर एकाच सेटिंगवर कापायच्या आणि मापायच्या. फरक आला की टेलस्टॉककडचा पाय थोडा वर-खाली. झिजलेला म्हणून बदनाम झालेले कितीतरी लेथ नुसते पिळलेले असतात. पावसाळ्यानंतर एकदा हेच परत करा, जमीन हललेली असते.

११. माणसं गावातच आहेत

महाड-पोलादपूरच्या जवळजवळ प्रत्येक गावात मुंबईच्या गिरणीतून नाहीतर कारखान्यातून निवृत्त होऊन आलेला एखादा टर्नर, फिटर, मोल्डर आहे. तुम्ही आणलेलं यंत्र त्यानं बहुधा चालवलेलं असतं. त्याला बोलवा, चहा द्या, खुर्ची द्या. फुकट सल्ला घेऊ नका, पाहणीला नेलंत तर दिवसाचा रोज द्या. पोरांना हे सांगावं लागतं, म्हणून लिहिलं.

आणि एक विनंती. २०२१च्या पुरात बुडालेली काही यंत्रं महाडच्या आसपास अजून ताडपत्रीखाली पडून आहेत. ज्यांच्या अंगणात असं यंत्र आहे त्यांनी या दिवाळीच्या आत एवढं तरी करावं: ताडपत्री काढावी, हेडस्टॉकचा ड्रेन प्लग उघडून पाणी सोडावं, आत तेल ओतावं आणि बेडवर तेलाचा बोळा फिरवावा. मग विकायचं असेल तर भंगारवाल्याच्या आधी आसपासच्या एखाद्या वर्कशॉपवाल्याला दाखवावं. भंगाराच्या भावापेक्षा जास्त पैसे नक्की मिळतील.